हललं की बोंबललं!

“मादाम, सैनिकांच्या हातातलं यंत्र नुसतं लुकलुकणार नाही. खरंच हेरणार! भिंतीपलीकडे मुंगी हलली तरी बोंबलणार!”

इद्दरने दिग्दर्शिकाबाईंपुढे छाती ठोकून सांगितलं. वर्झाझातच्या चित्रपटनगरीत तो आजवर पुठ्ठ्याच्या ढाली रंगवत आला होता. या खेपेला मात्र अंतराळातले सैनिक होते, गुहेत दडलेला राक्षस होता आणि अंधारातली हालचाल टिपणारं हातातलं यंत्र होतं. ते साधलं, तर अख्ख्या अंतराळयानाचं काम मादाम त्याला देणार होत्या. पठ्ठ्याने आपोआप उघडणाऱ्या एका दाराचा सेन्सर उपटला आणि यंत्रात कोंबला!

“शांतता! घ्या!” मादाम ओरडल्या.

सैनिक दबकत गुहेत शिरले. कप्तान झालेल्या उंचाड्या परदेशी नटाने यंत्र रोखलं.

पींऽऽ!

“कोण हललं?”

“मी फक्त नाक खाजवलं,” मागचा सैनिक म्हणाला.

पुन्हा घेतलं. पींऽऽ! कुणीतरी आवंढा गिळला होता. तिसऱ्यांदा सगळे श्वास रोखून मुडद्यासारखे उभे. तरी पींऽऽ!

“इद्दर!” मादाम कडाडल्या. “आता काय?”

“मादाम, कप्तानसाहेबांचा हात थरथरतोय. यंत्र स्वतःलाच हेरतंय!”

कप्तान लालबुंद झाला. त्याने कोपर पोटाशी घट्ट दाबून धरलं. इद्दरने डोळे मिटले. यानाच्या कामावर पाणी पडलंच, असं त्याला वाटलं.

आणि यंत्र गप्प बसलं! हुश्श! कप्तान हळूच उजव्या भिंतीकडे वळला.

पीं! पीं! पीं-पीं-पीं!

या वेळी मात्र कुणीही हललं नव्हतं. सैनिक एकमेकांकडे बघू लागले. राक्षस तर डावीकडून यायचा होता!

“भिंतीमागे काहीतरी आहे,” कप्तान पुटपुटला. हे वाक्य त्याच्या संवादांत नव्हतं! भीतीने तो मागे सरला, ठेचकाळला आणि तोल जाऊन त्याच भिंतीवर आदळला. भिंत होती प्लायवुडची. धडाम!

पलीकडे सहा हातांचा हिरवा राक्षस खांदे उडवत बेभान नाचत होता! तो होता इद्दरचा मेहुणा मिमून. शुक्रवारी त्याचं लग्न. राक्षसाच्या मुखवट्याखाली कानात गाणं लावून स्वारी अहवाशच्या, म्हणजे लग्नात टाळ्या-गाण्यांवर रंगणाऱ्या नाचाची तालीम करत होती!

“आई गंऽऽ!” सैनिक सैरावैरा पळाले. कप्तान सर्वांच्या पुढे! भिंत पडलेली पाहून मिमूनला वाटलं, आपला प्रवेश आला. तोही सहा हात हलवत मागे लागला.

“अरे मिमून, थांब! माझा संसार बुडवतोस काय!” इद्दर त्याच्या शेपटीला लोंबकळला. ती तुटून हातात आली. चित्रण बघायला कडेला उभ्या राहिलेल्या गावातल्या पोरी टाळ्या वाजवत अहवाशचं गाणं गाऊ लागल्या, तसा राक्षसाला आणखी चेव आला!

शेवटी धापा टाकत सगळे परतले. इद्दर शेपूट छातीशी धरून मादामसमोर उभा राहिला. मादाम डोळे पुसत होत्या. हसून हसून!

“इतकी खरी भीती मी जन्मात टिपली नव्हती. यानाचं काम तुझं!”

इद्दर टुणकन उडाला. “आणि मादाम, माझं यंत्र कसं दिसलं?”

मादामनी चित्रण मागे नेऊन दाखवलं. कप्तानाच्या भल्यामोठ्या पंजाखाली यंत्र पार झाकून गेलं होतं.

“पुढच्या वेळी जरा मोठं कर, इद्दर,” त्या म्हणाल्या. “आत काही नसलं तरी चालेल!”