सुकरीला नापास करण्यामागची समितीची भूमिका

धर्मग्रंथ वाचणं सोपं आहे. वाचूनही पूर्वीसारखंच राहणं याला अभ्यास लागतो. जन्मानं ख्रिस्ती असलेल्यांचा हा अभ्यास लहानपणापासून घरच्या घरी होत जातो. नव्यानं आलेल्यांचं तसं नसतं. ते वचन ऐकतात आणि आता याचं काही करावं लागेल की काय, अशा काळजीत पडतात. (नवी चप्पल सुरुवातीला लागतेच.)

त्यांच्या सोयीसाठी बल्लारपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं अभ्यास समिती नेमली. रत्नम मास्तर अध्यक्ष, प्रकाशमभाऊ गायनप्रमुख आणि मी. मंडळीची बाजाची पेटी कोणाच्या घरी राहावी यावरून त्या दोघांचं बोलणं कधीचंच बंद होतं. गावोगाव जाताना जीपमध्ये मी दोघांच्या मधे बसत असे. माझी नेमणूक याच पात्रतेवर झाली होती. मास्तर मला सांगत, मी प्रकाशमभाऊंना सांगे, आणि ते सगळं आधीच ऐकू आलेलं असूनही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवत. कामकाज अतिशय सुरळीत चाले.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही आलापल्लीच्या पुढं, कोसमटोल्याला परीक्षा घ्यायला गेलो. पास होणाऱ्याचा बाप्तिस्मा येत्या ईस्टरला, नापासाचा थेट पुढल्या वर्षी. उमेदवारांत सुकरी नावाची बाई होती आणि तिला यंदाच पास व्हायचं होतं. गावदेवाच्या पंगतीला बसणं तिनं सोडलं होतं, आणि आमच्या प्रभुभोजनाला तिला अजून बसता येत नव्हतं. गावात तिच्याइतकं एकटं कोणी नव्हतं.

त्यात मोहफुलांचे दिवस. तिकडची रीत अशी की मोहाचं झाड ज्या घराचं मानलेलं, त्या घरानं खालचा पाला जाळून जागा साफ करायची आणि पडलेली फुलं वेचायची. सुकरीनं यंदा मंगलीच्या घरच्या झाडाखालची जागा आपणच आधी साफ करून बळकावली होती. मंगली तिची चुलतजाऊ, गावदेवाचीच. तेव्हापासून दोघींचा अबोला.

मास्तरांनी नेहमीचा उतारा विचारला. वेदीपाशी अर्पण आणलं आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण द्यावं. याचं अपेक्षित उत्तर 'यात क्षमेचं महत्त्व सांगितलं आहे' असं आहे. ते जागेवरून न उठता देता येतं. बाकीच्या उमेदवारांनी ते एकामागून एक दिलं.

परीक्षेनंतरच्या अर्पणाला सुकरीनं कोंबडी आणली होती. तिनं ती वेदीच्या टेबलाच्या पायाला बांधली.

"मास्तर, मंगलीच्या मनात माह्याबद्दल हाये. मी जाऊन येतो."

"आधी उत्तर दे ना बाई, मंग जा."

"त्याच्यात तं आधी जा म्हणून राह्यलं," सुकरी म्हणाली आणि गेली.

अशा प्रसंगासाठी समितीकडे नियम नव्हता. तिचं अर्पण अर्धवट पडलेलं, त्यामुळे पुढच्यांचं घेता येईना. उन्हं चढली. कोंबडी टेबलाच्या पायाभोवती फिरून फिरून दोरीत अडकली आणि ओरडत राहिली. प्रकाशमला एखादं गीत घ्यायला सांग, असं मास्तरांनी मला सांगितलं. मी सांगितलं. पेटी मास्तरांच्या घरी आहे, असं प्रकाशमभाऊंनी मला सांगितलं. मी तेही सांगितलं.

दुपार कलली तेव्हा सुकरी परतली, मंगलीला सोबत घेऊन. दोघींचे हात राखेनं काळे झाले होते. माफी कोणी मागितली नव्हती. सुकरीनं जाऊन मंगलीच्या दुसऱ्या झाडाखालचा पाला झाडून जाळायला घेतला, थोड्या वेळानं मंगलीही झाडू घेऊन आली, एवढंच. सुकरीनं कोंबडी सोडवली आणि अर्पण केली. मंगलीनं सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"तुमी सारे इथीच बसून होते?" तिनं विचारलं. "तुमचं कोणासंग काई नाई का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. प्रकाशमभाऊंनीही माझ्याकडेच पाहिलं. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यानं समितीनं तो विचारात घेतला नाही.

निकाल एकमतानं लागला. (मतांची ने-आण मी केली.) बाकी सगळे पास, सुकरी नापास. तिनं उत्तर दिलं नव्हतं, आणि जे केलं त्याला गुण ठेवलेले नाहीत. शिवाय अशा बाईला पास केलं तर ती पुढचे उतारेही वाचेल. पुढे दोन अंगरख्यांपैकी एक देऊन टाकण्याचा उतारा आहे, आणि मास्तरांकडे चांगले दोन कोट आहेत.

सुकरी मटकन खाली बसली. "मंग मी आता कुठची?" तिनं विचारलं.

मंगलीनं तिला दंडाला धरून उठवलं. "चाल माह्यासंग. फुलं पडून राह्यली तिकडं."

मला फार वाईट वाटलं. तसं मी बोलणारही होतो, पण जीप सुरू झाली होती आणि मधली जागा माझी होती. बल्लारपूरपर्यंत कोंबडी माझ्याच मांडीवर होती. सुकरीनं आणखी एक वर्ष आमच्याबरोबर अभ्यास करावा, म्हणजे तिची ही सवय सुटेल, अशी शिफारस समितीनं केली आहे.

राहता राहिले वाचक. तो उतारा वर तुम्हीही वाचलात. वाचताना एखादं नाव तुमच्या मनात येऊन गेलंच असेल. तरी तुम्ही उठला नाहीत, इथवर वाचत बसलात. समितीच्या वतीनं तुमचं अभिनंदन. तुम्ही पास आहात.