माया सोडा आणि कापा

शिवणकाम हे बुद्धिमान माणसाचं काम आहे, आणि म्हणूनच ते मला पहिल्या दिवसापासून जमलं! पुढे जे काही झालं त्यात दोष असलाच तर तो आपल्या भाषेचा आहे, माझा नाही. ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा लोक माझ्यावर ओरडतात, सहानंतर मी घरी येऊन घरच्यांवर ओरडतो. अशी बावीस वर्षं सुरळीत गेली. मग एके दिवशी एका गृहस्थांनी नळाला गढूळ पाणी येतंय म्हणून चौथ्यांदा फोन केला आणि मी म्हणालो, "मग डोळे मिटून प्या!" ते गृहस्थ आमच्या साहेबांचे सासरे निघाले.

साहेबांनी मला सक्तीच्या रजेवर पाठवलं. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि आकडा बघून ते स्वतःच खुर्चीत बसले.

"गोळ्या देतो," ते म्हणाले, "पण हातांना काम द्या. सुतारकाम, बागकाम, शिवणकाम, काहीही. हात गुंतले की डोकं थंड राहतं."

मग माझ्या बायकोला बाजूला घेऊन ते बराच वेळ काहीतरी कुजबुजले. मला वाटलं, गोळ्यांच्या वेळा सांगत असतील.

आमच्या मागच्या गल्लीतल्या हॉलवर एक पाटी होती, 'शिवणातून मनःशांती. मंगळवार व शुक्रवार.' मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं, "मी कपडे शिवायला शिकणार!"

"अहो, बटण तुटलं तर तुम्ही अख्खा शर्ट टाकून देता," बायको म्हणाली.

"आता शर्टच शिवीन! आणि तुझा मुलाखतीचा ड्रेससुद्धा मीच शिवणार!"

तिचा चेहरा पांढरा पडला. कारण सांगतो. माझी बायको ग्रंथालयात एकोणीस वर्षं सहायक आहे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे तिला झोपेतही सांगता येतं. पण मुख्य ग्रंथपालाच्या खुर्चीत प्रत्येक वेळी बाहेरून कोणीतरी येऊन बसायचं आणि तिलाच विचारायचं, "बाई, शब्दकोश कुठे असतात हो?" यंदा ती खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती आणि मुलाखतीचं पत्र तिला आलं होतं. तिने त्या दिवसासाठी गडद निळं कापड आणलं होतं. दुकानात तीनदा जाऊन, उजेडात नेऊन, हाताने चोळून निवडलेलं. ते कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "शिवा." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माणूस जिद्दीला पेटला की त्याला संशय येत नाही.

वर्गात चौदा बायका आणि मी. शिकवणाऱ्या शिवणबाई ठेंगण्या, कानावर खडू खोचलेल्या आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. आधी पाच मिनिटं डोळे मिटून दीर्घ श्वास, मग कापड. पहिल्या दिवशी उशीचा अभ्रा होता. आम्ही खडूने रेघा मारल्या आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "आता चारी बाजूंनी माया सोडा. मग कापा."

मला एकदम भरून आलं! केवढा विचार! नुसतं कापड कापायला शिकवत नव्हत्या बाई, आयुष्य शिकवत होत्या. मी पुन्हा डोळे मिटले. एका बाजूने ऑफिसची माया सोडली, दुसऱ्या बाजूने घराची सोडली, तिसऱ्या बाजूने नातेवाइकांची, तिला तसा फारसा वेळ लागला नाही. चौथ्या बाजूला काय सोडावं ते सुचेना, म्हणून चहाची सोडली. मग डोळे उघडले आणि अगदी रेघेवरून, केसभरही इकडेतिकडे न होता, कचाकचा कापलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

आजूबाजूला पाहिलं तर बाकीच्या सगळ्या जणी रेघेपासून दोन-दोन बोटं लांब कापत होत्या. बिचाऱ्या! त्यांना माया सोडवत नव्हती. संसारी बायका, एकदम कशी सुटणार?

बाई फेरी मारताना माझ्यापाशी थांबल्या. "हात स्थिर आहे तुमचा," म्हणाल्या. झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर जो चढलो तो नऊ आठवडे खाली उतरलोच नाही.

घरीही कौतुकच कौतुक. अभ्रा उशीला पहिल्या झटक्यात बसला नाही, पण मुलगी म्हणाली, "थांबा बाबा, मी घालून आणते." ती खोलीत गेली आणि दहा मिनिटांनी उशी अभ्र्यात नीट घालून घेऊन आली. उशी जरा चपटी दिसत होती, पण अभ्रा झक्क बसला होता. मग मी माझ्या वडिलांना, अण्णांना, पायजमा शिवला. अण्णा पायजम्यात शिरले, भिंतीला धरून सरळ उभे राहिले आणि बारीक आवाजात म्हणाले, "उत्तम."

"बसून बघा ना, अण्णा."

"नको. आताशा मला उभं राहायलाच आवडतं."

त्याच आठवड्यात अण्णांनी संध्याकाळचं खाणं बंद केलं. मुलीला स्कर्ट शिवला तर ती रोज पहाटे पळायला जायला लागली. माझ्या छंदामुळे सगळ्या घराला शिस्त लागतेय, असं मी शेजारीपाजारी अभिमानाने सांगत होतो.

आणि एक गोष्ट खरी होती. माझं डोकं शांत झालं होतं. मशीनवर बसलो, पायाखालची पट्टी दाबली आणि टीप सरळ धावायला लागली की मला जगात कोणाचाही राग यायचा नाही. दोरा तुटला तरी मी पुन्हा ओवायचो. बॉबिन अडकलं तरी काढायचो, पुसायचो, परत बसवायचो. बाह्यांच्या दिवशी बाई म्हणाल्या, "काखेत जरा जास्त माया सोडा." काखेत कसली माया, हे मला कळेना. पण तिथे मनाची एखादी शीर असणार असं समजून मी दोन्ही काखांत लक्ष केंद्रित केलं आणि होती नव्हती ती सोडून दिली.

नवव्या आठवड्यात निळं कापड कपाटातून बाहेर आलं. बायकोने ते माझ्या हातात दिलं आणि दोन मिनिटं सोडलंच नाही.

ड्रेस मी घरीच शिवला. मापं तिचीच घेतली, अगदी बरोबर घेतली. तीन वेळा गळा उसवला, तीन वेळा पुन्हा लावला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी साडेआठला शेवटचा दोरा तोडला आणि म्हणालो, "घाल!"

ती आत गेली. मग मुलगी आत गेली. मग आतून हाक आली, "अण्णा, जरा येता का?" काहीतरी ओढल्याचे, ढकलल्याचे आवाज आले आणि दार उघडलं. बायको बाहेर आली. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरलेले, जसा दोरीवर वाळत घातलेला शर्ट!

"हात खाली घे ना," मी म्हणालो.

"येत नाहीत," ती म्हणाली. तिला एका श्वासात एवढंच बोलता येत होतं.

"मग काढ."

"निघत नाही."

"बस तरी जरा."

ती वाकायला गेली, शिवण करकरली आणि ती पुन्हा ताठ उभी राहिली. अकराला मुलाखत होती. पण माझं डोकं शांत होतं. "घाबरू नकोस," मी म्हणालो, "बाजूने थोडं सैल करून घेऊ. चल बाईंकडे!"

आम्ही गल्लीतून निघालो. समोरून शेजारच्या काकू येत होत्या. त्यांचं आणि माझ्या बायकोचं जिन्यातल्या कुंड्यांवरून सहा महिने बोलणं बंद होतं. त्यांनी बायकोला हात पसरून आपल्या दिशेने येताना पाहिलं आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. "अगं, मीच आधी यायला हवं होतं!" म्हणत त्यांनी तिला घट्ट मिठी मारली. पाठीत कुठेतरी टर्र असा आवाज झाला. तरी काकू सोडेनात.

बाई हॉल उघडतच होत्या. त्यांनी बायकोला कातरीने अलगद मोकळं केलं, आपला एक झगा घालायला दिला, ड्रेस टेबलावर पालथा केला आणि शिवण उलटून पाहिली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"माया कुठाय?"

"सोडली," मी म्हणालो.

"सोडली ना? मग दिसत का नाही?"

"सोडल्यावर कशी दिसेल?"

"सोडली तरच दिसेल ना!"

"बाई, अगदी मनापासून सोडली हो! चारी बाजूंनी! ऑफिसची सोडली, अण्णांची सोडली, मुलीची सोडली, हिचीसुद्धा सोडली!"

"माझी कधी सोडलीत?" बायकोने झग्यातून विचारलं.

"तिसऱ्या मंगळवारी."

शिवणबाई स्टुलावर बसल्या. "अहो, माया म्हणजे रेघेबाहेर राखायचं जादा कापड! शिवणीच्या आत राहतं ते! ते नसलं तर शिवण मापातलंच कापड खाते! आणि कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करायलाही तेच लागतं!"

"मग सोडा कशाला म्हणता? ठेवा म्हणा!"

"चाळीस वर्षं सोडाच म्हणतेय! आजवर सगळ्यांना कळलं! मला वाटलं, तुम्ही माया धरूनच रेघ मारता!"

हॉलमध्ये शांतता पसरली. मनःशांती नव्हे, साधी शांतता. मी बायकोकडे वळलो. "म्हणजे आजवरचं सगळंच घट्ट होतं?"

"उशीतला निम्मा कापूस काढून पोरीने पलंगाखाली ठेवलाय," ती म्हणाली. "अण्णा त्या पायजम्यासाठी उपाशी राहतायत."

"मग कोणी बोललं का नाही?"

"डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना नाउमेद करू नका." ती थांबली. "आणि नऊ आठवडे तुम्ही घरात एकदाही आवाज चढवला नाहीत. परवा पोरगी म्हणाली, आई, हल्ली बाबांची चावी दारात वाजली तरी पोटात गोळा येत नाही. मग मला वाटलं, एक ड्रेस घट्ट झाला तर झाला. निभावून नेऊ."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. ड्रेसची वाटलीच, पण त्या चावीची जास्त वाटली. बावीस वर्षं मी चावी वाजवत घरात शिरत होतो आणि मला वाटायचं, सगळे आपापल्या कामात गढलेले असतात, म्हणून घर इतकं शांत!

साडेनऊ झाले होते. "बाई," मी म्हणालो, "दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत पट्ट्या घातल्या तर?"

"घालता येतील. पण निळं कापड आहे का?"

नव्हतं. एक चिंधीसुद्धा नव्हती. मी अंगातला शर्ट काढला. पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघांचा, माझा सगळ्यात आवडता. टेबलावर पसरला आणि कातरी उचलली.

"मी शिवून देते," बाई म्हणाल्या.

"नाही! बिघडवलंय मी, शिवणारही मीच!"

मग मी बनियनवर मशीनला बसलो. या वेळी डोळे उघडे ठेवून चारी बाजूंनी दोन-दोन बोटं राखली. एक बाजू तिरकी गेली, उसवली, पुन्हा घातली. पाठीतली फाट बाईंनी हातांनी सांधली. दोनदा दोरा तुटला. बायको घड्याळाकडे बघत होती, पण एकदाही घाई करा म्हणाली नाही. साडेदहाला तिने ड्रेस घातला, हात वर केले, खाली केले, खुर्चीत बसली, उठली आणि नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला.

शर्ट तर संपला होता. घरी जायला वेळ नव्हता. बाईंनी मशीनवरचं मोठमोठ्या सूर्यफुलांचं कव्हर माझ्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही ग्रंथालयाकडे धावलो.

ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर ते कव्हर छातीशी धरून बसलो. इतकं मनापासून मी आयुष्यात कोणासाठी काही मागितलं नव्हतं. समोरच्या टेबलावर वाचत बसलेले एक आजोबा पुस्तक उचलून लांबच्या टेबलावर गेले. वीसेक मिनिटांनी आतल्या दाराच्या काचेला एकामागून एक तीन चेहरे लागले आणि माझ्याकडे टक लावून पाहायला लागले. मी उठून अदबीने नमस्कार केला. कव्हर घसरलं. चेहरे गेले.

लगेच बायको बाहेर आली. "झाली निवड!"

मी जागच्या जागी उडालोच! "सांगत नव्हतो तुला? त्या पट्ट्यांमुळेच! कसं उठून दिसतंय ते! काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, कठीण प्रसंगात डोकं शांत ठेवता येईल का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, माझे मिस्टर बाहेर बसलेत, एकदा बघून घ्या."

"आणि?"

"आले, बघून गेले, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनी रद्द केले."