पावलं पावली नाहीत

एखादी वस्तू मिळाली हे सिद्ध करायला वस्तू लागते. मिळाली नाही हे सिद्ध करायला नुसतं तोंड पुरतं. पूर्वी हे तोंड दुकानदारासमोर जाऊन उघडावं लागे, आणि समोर उभं राहून खोटं बोलायचं तर थोडी तरी छाती लागते. आता बटण आलं आहे. बटणाने माणसाची ही मोठी अडचण दूर केली. विज्ञानाच्या उपकारांची यादी कधी झालीच, तर भूल देण्याच्या औषधाखालोखाल या बटणाचा नंबर लागावा.

'आलंच' नावाच्या ॲपवर हे बटण हिरवंगार, अंगठ्याच्या मापाचं, आणि नेमकं अंगठा पडतो तिथेच ठेवलेलं आहे. त्यावर लिहिलंय : 'वस्तू मिळाली नाही'. 'वस्तू मिळाली' असंही एक बटण आहे, पण ते 'इतर' या सदरात, 'आमच्याविषयी' आणि 'नोकरीच्या संधी' यांच्या खाली सापडतं. (सापडल्याची नोंद नाही.)

या ॲपवर भंडाऱ्याच्या लिलाधरचं दुकान होतं. विकायची वस्तू एकच : लक्ष्मीची पितळी पावलं. एक उजवं, एक डावं, उंबऱ्यावर बसवायला चार स्क्रू सोबत. भंडारा हे पितळेचं गाव, त्यामुळे माल घरापासून हाकेच्या अंतरावर मिळायचा. त्याआधी लिलाधर कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करायचा. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'सविनय' हे तीन शब्द त्याच्या बोटांना इतके सवयीचे झाले होते की लग्नाआधी त्याने ज्योत्सनाला पाठवलेल्या पहिल्या निरोपातही 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं होतं. तरीही ज्योत्सनाने लग्न केलं, आणि तीच त्याला म्हणाली की दुसऱ्यांचे अर्ज किती दिवस लिहिता, आपलं काहीतरी करू. दोघांनी मिळून दुकान उभं केलं. तो फोटो काढायचा, ती पार्सल बांधायची. ज्योत्सनाने चिकटपट्टी लावलेलं पार्सल उघडायला विळा लागतो, असा तिचा लौकिक होता.

'आलंच'चा एक नियम होता. एका हंगामात 'मिळाली नाही' अशा तीन तक्रारी कायम झाल्या, तर दुकानाला 'विश्रांती' दिली जाते. ही विश्रांती कायमची असते. पावलांचा हंगाम म्हणजे दिवाळी, आणि दिवाळी तोंडावर आली तेव्हा लिलाधरच्या नावावर दोन तक्रारी जमा होत्या.

पहिली तक्रार पत्त्यामुळे झाली. ग्राहकाने पत्ता लिहिला होता : 'तलावाजवळ'. ज्या जिल्ह्यात माणसाला हाक मारली तर मध्ये एक तलाव येतो, तिथे हा पत्ता किती उपयोगाचा हे सांगायला नको. पार्सल पोचवणारा विनोद सज्जन माणूस. त्याने पार्सल इमानदारीने तलावाजवळ नेलं. तलाव दुसरा निघाला.

दुसरी तक्रार एका साहेबांची. (त्यांचं नाव इथे दिलेलं नाही, त्याचं कारण शेवटी येईल.) साहेब भंडाऱ्यातच राहणारे, सुशिक्षित, चांगल्या वस्तीतले. त्यांनी पावलं घेतली, विळ्याने पार्सल उघडलं, उंबऱ्यावर बसवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग हिरवं बटण दाबलं. पैसे परत आले. लिलाधर सहज त्या गल्लीतून जाताना त्याला आपली पावलं चमकताना दिसली. त्याने नम्रपणे विचारलं. साहेबांना राग आला नाही. ते हसून म्हणाले, "अहो, ते कंपनीचं जातं. तुमचं काय जातं त्यात?" आणि त्यांनी त्याला चहाही पाजला. माणूस मनाने वाईट नव्हता, हे लिलाधर आजही सांगतो.

तिसरी तक्रार आली नदीपलीकडच्या करडी गावाहून. उषाबाई नावाच्या बाईंनी फोनमध्ये बोलून केलेली. मजकूर एवढाच : 'लक्ष्मीचे पावलं पावले नाही.'

तक्रारींचा निकाल लावायला कंपनीने एक यंत्र नेमलं होतं. नाव 'समाधान'. समाधानचं मराठी उत्तम होतं, म्हणजे पुस्तकातलं होतं. पावणे म्हणजे मिळणे, त्यावरूनच पावती हा शब्द आला, हे त्याला ठाऊक होतं. ते कितीतरी पदवीधरांना ठाऊक नसतं. देव पावतो किंवा पावत नाही, हे मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याला शिकवणाऱ्यांना देवाची गरज पडली नसावी. त्याने तत्काळ निष्कर्ष काढला : वस्तू मिळाली नाही. दिवाळीच्या आत ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने खुलासा केला नाही, तर दुकान विश्रांतीला.

ज्योत्सनाने तक्रार वाचली आणि ती कपाळाला हात लावून हसली. मग तिचं हसणं थांबलं. "आता तुमी पुन्हा अर्ज टाइप कराले जाता का?" तिने विचारलं. लिलाधर विनोदच्या मोटारसायकलवर मागे बसला.

नदी ओलांडून दोघे करडीला पोचले. दोन्ही बाजूंना धान कापणीला आला होता. उषाबाईंचं घर शोधावं लागलं नाही, कारण उंबऱ्यावर पावलं उन्हात लखलखत होती. फक्त एक गोष्ट लिलाधरच्या डोळ्यांत खुपली. बोटं घराबाहेर होती. लक्ष्मी घरातून निघून चालली आहे, अशी.

"मावशी, हे उलटे बसले. बोटं आतमधी पाह्यजे. लक्ष्मी घरात येते ना," तो म्हणाला.

उषाबाईंनी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. "घरात येऊन का करन ते? बसून राहीन? आमच्या घरची बाई सकाळी धानाच्या रोवण्याले जाते, तवा संध्याकाळी चार पैसे आणते. देवी का पाव्हणी हाय? म्या तिले कामाले पाठवली. योगेंद्रसाठी पोरगी पाहून ये म्हटलं. अजून पावली नाही, तर पावली नाही म्हटलं. खोटं काय बोलली?"

योगेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा. निर्व्यसनी, धिप्पाड, कामाला वाघ. त्याच्यात दोष एकच होता : तो शेती करायचा. आजवर जेवढ्या मुलींच्या घरी निरोप गेला, तेवढ्या घरांनी मुलगा चांगला आहे असं एकमुखाने सांगून चहा पाजून परत पाठवलं होतं. आता सगळी भिस्त या पावलांवर होती.

लिलाधरने आपली अडचण सांगितली. उषाबाईंना वाईट वाटलं. कोणाचं दुकान बुडावं असं त्यांच्या मनात नव्हतं, पण देवीच्या पायाशी बसून पावले नसताना पावले म्हणणंही त्यांना जमणारं नव्हतं. बरीच चर्चा होऊन तोडगा निघाला की 'पावले' हा शब्दच टाळायचा. उषाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "पावलं भेटले. विनोदनं घरी आणून देल्ले."

समाधानने क्षणभर विचार केला (ही त्याची पद्धत आहे, खरं तर त्याला क्षणही लागत नाही) आणि उत्तर दिलं : 'ग्राहकाची पावलांशी भेट झाल्याचे समजले. आनंद वाटला. वस्तू मिळाल्याचा उल्लेख आढळला नाही.'

विदर्भात माणसाला वस्तू मिळत नाही, भेटते, हे समाधानला सांगणार कोण? मग 'मिळाले' म्हणून पाहिलं. समाधानने विचारलं, 'कशात मिळाले?' मग उंबऱ्याचा फोटो पाठवला. समाधानने लिहिलं : 'फोटोत कोणाची तरी पावले दिसतात. व्यक्ती दिसत नाही. कृपया व्यक्तीसह फोटो पाठवावा.' लिलाधरने देवघरातल्या लक्ष्मीकडे पाहिलं आणि फोन उषाबाईंच्या हातात परत दिला.

आता सरळ विचार करणाऱ्या माणसाला एकच मार्ग उरतो, आणि अर्ज टाइप करून करून लिलाधरला सरळ विचार करायची सवय लागली होती. उषाबाई 'पावले' म्हणाल्याशिवाय तक्रार मिटत नाही. पावलं पावल्याशिवाय उषाबाई 'पावले' म्हणत नाहीत. योगेंद्रचं लग्न ठरल्याशिवाय पावलं पावत नाहीत. तेव्हा योगेंद्रचं लग्न ठरवणं हे विक्रेत्याचं कर्तव्य ठरतं. त्याने घरी येऊन हे ज्योत्सनाला सांगितलं. ती पार्सलाला चिकटपट्टी लावत होती.

"अन् म्या बोटं आत करून देतो म्हटलं, तर तेही करू देत नाही," लिलाधर म्हणाला. "म्हणते, लक्ष्मी बाहेर जाईन तवा कमावून आणीन. घरात बसाले का आणली तिले."

ज्योत्सनाचा हात थांबला. "असं म्हणाली ते?"

पवनीची अपेक्षा ही ज्योत्सनाची मावसबहीण. भंडाऱ्यात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची आणि खोली घेऊन राहायची. तिला पाहायला येणाऱ्यांना तिचा पगार फार आवडायचा, आणि चहा संपता संपता ते विचारायचे की लग्नानंतर सोडशील ना. चहाच्या या वळणावर तीन स्थळं मोडली होती. त्यातल्या एका घरी, ज्योत्सनाला चांगलं आठवत होतं, दारात हीच पावलं होती. बोटं आत.

तिने अपेक्षाला फोन लावला. मुलगा शेतकरी आहे हे आधीच सांगून टाकलं. मग उंबऱ्याची गोष्ट सांगितली. पलीकडे आधी हसू आलं आणि मग अपेक्षाने विचारलं, करडीहून भंडाऱ्याला सकाळची एसटी किती वाजता असते.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. उषाबाईंनी अपेक्षाला स्वयंपाक येतो का हे विचारलं नाही. सुई टोचताना हात थरथरत नाही ना, एवढं विचारलं. योगेंद्रने नजर खाली ठेवून पावलांवरची धूळ गमछ्याने पुसली, आणि ते अपेक्षाने पाहिलं. दोन्हीकडून होकार आला. दिवाळीच्या आदल्या दिवशी उषाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पावले बाबू," त्या म्हणाल्या. "तुये पावलं पावले."

समाधानचं उत्तर लगेच आलं : 'वस्तू मिळाल्याची नोंद घेण्यात आली. विलंबाबद्दल क्षमस्व.' खाली पाच तारे होते. उषाबाईंनी चार दिले. पाचवा अक्षता पडल्यावर, असं त्यांनी कळवलं, आणि हा व्यवहार अत्यंत रास्त आहे असं लिलाधरचंही मत पडलं.

दुकान वाचलं. ज्योत्सनाने त्या दिवशी पहिल्यांदा एका पार्सलाला कमी चिकटपट्टी लावली. पण करडीत गोष्ट लपत नाही. महिनाभरात गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून पावलांची मागणी आली. सगळ्यांनी बोटं बाहेर बसवली आणि सगळ्यांनी तक्रार केली : पावले नाही. एकाला नोकरी हवी होती, एकीचं सुनेशी पटायला हवं होतं, एका गृहस्थांना फक्त घोरणं थांबायला हवं होतं. लिलाधर विनोदच्या मागे बसून एकेक घर गाठतो. विक्रेत्याने वस्तू पोचवून थांबू नये, ती पावेपर्यंत पाठपुरावा करावा, हे तत्त्व आता 'आलंच'लाही पटलं असून त्यांनी लिलाधरला 'आदर्श तक्रार निवारक' असं प्रशस्तिपत्र पाठवलं आहे. त्या प्रशस्तिपत्राचं पार्सल वाटेत हरवलं. ते परवा तलावाजवळ सापडलं.

राहता राहिले साहेब. त्यांच्या दारातली पावलं अजून चमकतात. त्यांचीही तक्रार मिटवून टाकावी म्हणून लिलाधर पुन्हा एकदा गेला आणि पावलं पावली का असं विचारलं. साहेब म्हणाले, अगदी उत्तम, घरात बरकत आहे. मग तसं ॲपवर सांगाल का, असं त्याने विचारलं. साहेब ओशाळून म्हणाले, ते बटण सापडत नाही. तेवढ्यावर लिलाधर चहा पिऊन परत आला. संपूर्ण जिल्ह्यात पावलं पावूनही न मिळालेला हा एकमेव ग्राहक आहे.

त्यांचं नाव न देण्याचं कारण शेवटी येईल असं म्हटलं होतं. कारण साधं आहे. नावाची जागा मोकळी ठेवली आहे. हे वाचता वाचता ज्यांना आपल्याच घरातली एखादी न मिळालेली वस्तू आठवली आणि नजर नकळत तिच्याकडे गेली, त्यांनी तिथे आपलं नाव घालून घ्यावं. 'इतर' या सदरातलं ते बटण तोवर हलणार नाही. ते तिथेच, 'नोकरीच्या संधी'च्या खाली आहे.