चाल लिहिलेली नाही

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका गाण्याला इस्त्री.

आमच्या घरात कपड्यांना इस्त्री कधीमधी व्हायची, गाण्यांना दर बुधवारी. गाणी म्हणजे छापलेली. इकडे इंग्लंडात दुसरी मोठी लढाई चालू होती, बॉम्ब पडत होते, त्या काळची. दुमडलेला पातळ कागद, वर गाणाऱ्या बाईचा गोल फोटो, आत शब्द आणि शब्दांच्या डोक्यावर काळे ठिपके. माझी बायको द्रुपदा टेबलावर जुनं लुगडं पसरायची, त्यावर गाणं ठेवायची, पदर गाण्यावर ओढायची आणि वरून कोमट इस्त्री फिरवायची. माझ्याकडे पिना काढायचं काम. त्या गंजून कागदाला धरून बसतात. ओढल्या की कागद फाटतो. सुरीचं टोक घालून उचलाव्या लागतात, खपली काढल्यासारख्या. मग ती त्या जागी दोरा घालून टाके मारायची.

मी उभा जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत घालवला, आधी कार्डिफला, मग क्रॉयडनला. हजारो चादरी माझ्या हाताखालून गेल्या. पण तिनं मला ह्या इस्त्रीला हात लावू दिला नाही. म्हणायची, "तुमचा हात चादरीचा. गाणं जळेल."

पान सरळ झालं की ती डोक्यावरचा चष्मा नाकावर आणायची आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायची, 'चाल'. पुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे काय लिहायचं ह्यात आमची संध्याकाळ जायची.

हे कळायला तिचा बाप सांगावा लागेल. तिकडे नगरच्या बाजूला त्याचा जलसा होता. वस्त्यावस्त्यांतून गाणी म्हणत हिंडायचा, माणसं जागी करायचा. गाण्यांच्या लहान पुस्तिका तालुक्याच्या छापखान्यात छापून आणायचा. आत नुसते शब्द. आणि प्रत्येक गाण्याच्या वर लिहिलेलं, चाल अमुक, चाल तमुक. म्हणजे ओळखीचं जुनं गाणं घ्या आणि त्याच्या सुरावर हे नवीन म्हणा. पेटी नको, मास्तर नको. द्रुपदा लहानपणी गोणपाटावर पुस्तिका मांडून बसायची. मी एक घेतली होती.

"वाचता येतं का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "चाल येते."

त्यावरून आमचं लग्न ठरलं असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे दोघांच्या बापांनी ठरवलं होतं.

आता इकडे क्रॉयडनला बाजाराच्या मागच्या गल्लीत रेग नावाच्या म्हाताऱ्याचं जुन्या वाद्यांचं दुकान आहे. बाहेर केळ्यांच्या खोक्यांत जुनी गाणी. द्रुपदानं एक दिवस त्यातलं एक उचललं. वरून बघितलं, खालून बघितलं, मागं जाहिराती होत्या त्याही बघितल्या.

"मिस्टर," ती म्हणाली, "व्हेअर इज द चाल?"

रेगनं ठिपके दाखवले. हीच चाल, म्हणाला. पियानोवर बसायचं, ठिपके वाचायचे.

"हे शिकलेल्यांचं झालं. गरिबानं कशावर म्हणायचं?"

द्रुपदानं निकाल दिला की गाणं अर्धंच छापलेलं आहे, तेव्हा पैसे अर्धेच मिळतील. त्यानं घेतले. त्या दिवसापासून तो तिला बघितलं की खोकी आत ओढायचा आणि तरी चहा विचारायचा.

त्यानंच सांगितलं की तेव्हा घराघरांत पियानो असायचा. गाणं रेडिओवर वाजलं की लोक ते दुकानात मागायला यायचे. लढाईत कागदाची टंचाई झाली तर छापणाऱ्या कंपन्यांनी कागद पातळ केला, पानं लहान केली, पण गाणी छापायची थांबवली नाहीत. लोणी मोजून, साखर मोजून, गाणी मात्र हवी तेवढी.

द्रुपदा घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये ह्यावर विचार करत होती. उतरताना म्हणाली, "लढाईची घाई हो. चाल लिहायची राहून गेली बिचाऱ्यांची. आपण लिहू."

आणि लिहायला लागली. शिपाई आगगाडीत बसून चालला आहे, बायको फलाटावर उभी आहे, अशा गाण्याला तिनं लिहिलं, चाल हळदीची. दिवे विझवा, खिडक्यांना काळे पडदे लावा, अशा गाण्याला, चाल दळणाची. समुद्रापलीकडून लवकर ये म्हणणाऱ्या एका नाजूक गाण्याला तिनं बापाच्या जलशातली अशी चाल लावली की त्यात दर ओळीनंतर 'जी जी' येतं. इंग्रजी शब्द त्या चालीत मावत नसत. ती ते कोंबायची. एका उशीच्या खोळीत दोन उशा कोंबाव्यात तशी.

तिचा आवाज पहाडी. साथीला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दर गुरुवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा क्लब भरतो, तिथं ती हे सगळं म्हणायची. पांढऱ्या केसांचे गोरे म्हातारे गोल बसलेले आणि मध्ये आमची बाई, कमरेला पदर, पायात सपाता, डबा बडवते आहे. मी आणायला जायचो तो दाराशीच उभा राहायचो. लाज वाटायची. ती गाणी ह्या लोकांनी लहानपणी ऐकलेली, त्यांच्या घरची माणसं मेलेली त्या लढाईत, आणि ही बाई त्यांना दळण ऐकवते.

घरी मी म्हणायचो, "अगं, यूट्यूबवर ऐक ना. खरी चाल आहे तिथं."

"तुम्ही गप बसा. तुम्हाला चादरीतलं कळतं."

आता तो बुधवार. गाणं डोरीनचं होतं. डोरीन क्लबातली सगळ्यांत म्हातारी, शंभरीला टेकलेली, चाकाच्या खुर्चीत, जीभ मात्र कात्री. तिचा मोठा भाऊ टेड लढाईवर गेला तो गेलाच. जायच्या आधी घरात एक गाणं सारखं शिटीवर वाजवायचा. दाराला कडी लावू नको, मी मागच्या रस्त्यानं येतोय, असं काहीतरी. डोरीनला ते गाणं हातात हवं होतं. कोणाला मिळालं नव्हतं. द्रुपदा त्यासाठी रेगची खोकी महिनेच्या महिने उपसत होती. तिला एकच घोर होता. "अहो, डोरीन काही थांबायची नाही. तिच्या आधी गाणं मिळालं पाहिजे."

त्या आठवड्यात मिळालं. कोपरा उंदरानं खाल्लेला, बाकी धड. मी पिना काढल्या. तिनं इस्त्री केली, टाके मारले, चष्मा खाली घेतला, 'चाल' लिहिलं, रेघ ओढली. आणि थांबली.

हळदीची लावून बघितली. पुसली. दळणाची लावली. पुसली. जलशातल्या दोनतीन पुटपुटून बघितल्या.

"ह्याला चाल बसत नाही हो."

"उद्या बसव. सकाळी जायचंच आहे."

"उद्या कसली बसते. आत्ताच बसली पाहिजे. डोरीनच्या तोंडाकडे बघून नाही बसायची."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी पिना डबीत भरत होतो. ती खुर्चीत टेकली. मी विचारलं, चहा टाकू का. उत्तर आलं नाही. मी परत विचारलं, जरा ओरडून, कारण तिला एका कानानं कमी यायचं.

ॲम्ब्युलन्सवाले लगेच आले. चांगली पोरं होती. त्यांनी छाती खूप दाबली, शॉक दिला, मग एकानं हातमोजे काढले आणि मला खुर्ची दिली. मी इस्त्रीला हात लावून बघितला. अजून कोमट होती.

सकाळी लंडनच्या दुसऱ्या टोकाहून, पिनरहून, मुलाचा फोन आला. तो आईकडून मराठी शिकला म्हणून बाईसारखं बोलतो. "बाबा, तू घरात बस. मी येते. सगळं मी करते." एरवी आम्ही दोघं ह्यावर हसायचो. मी म्हटलं, ये. फोन ठेवला, अंघोळ केली, गाणं लुगड्यात गुंडाळलं, बिस्किटांचा डबा घेतला आणि ट्रॅम पकडली. गुरुवार होता. गाणं डोरीनचं होतं आणि डोरीन थांबायची नाही.

हॉलमध्ये शिरलो तर सगळे माझ्या मागं बघायला लागले, ती कुठं आहे म्हणून.

"ड्रू कुठंय?" डोरीननं विचारलं.

"गाणं आणलंय," मी म्हटलं.

तिनं लुगडं उघडलं. कागदावरून बोट फिरवलं, टाके बघितले. मग कोपरा बघितला. तोवर त्या सगळ्या म्हाताऱ्यांना कोपरा बघायची सवय लागली होती.

"चाल लिहिली नाही," ती म्हणाली. चाल हा शब्द ती आमच्यासारखाच म्हणते.

"बसत नव्हती."

"मला माहीत होतं बसायची नाही. मी तिला सांगितलं होतं, जशी आहे तशी म्हण. तुला येते."

मी म्हटलं, तिला खरी चाल येत नव्हती. एकाही गाण्याची येत नव्हती.

डोरीननं मी मूर्ख असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागली. क्लबात द्रुपदा पहिल्यांदा आली तेव्हा पियानोवाला होता, तो हीच गाणी वाजवायचा, अगदी बरोबर. सगळे म्हणायचे आणि सगळे रडायचे. दर गुरुवारी. चहा तसाच गार व्हायचा, आणि मग एकेकाला गाडीत घालून रिकाम्या घरी सोडून यायचे. द्रुपदा त्या दिवशी डोरीनच्या शेजारी बसली होती. पुढच्या गुरुवारी डबा घेऊन आली.

"आम्हाला राग आला," डोरीन म्हणाली. "मग स्टॅन इतका हसला की त्याची कवळी चहात पडली. त्यानंतर कोणी पियानोचं नाव काढलं नाही."

स्टॅन समोर बसला होता. त्यानं मान हलवली.

"एकदा ती आत कप धूत होती आणि गुणगुणत होती. सूर न सूर बरोबर. मी तिला पकडलं. म्हटलं, तुला येतं तर मग हे काय करतेस? तर म्हणाली, रडायला घर आहे की."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मुलगा लहानपणी रस्त्यात भोकाड पसरायचा तेव्हा ती त्याला हेच म्हणायची. आम्ही कार्डिफला असताना माझी आई गेल्याची तार आली आणि मी लाँड्रीत चादरींवर बसून राहिलो, तेव्हा मला उठवायला आली, तेव्हाही हेच म्हणाली होती. रडायला घर आहे, चला.

डोरीन गाणं माझ्यापुढे धरून बसली होती. "ती आलेली नाही, तेव्हा आता तू म्हण."

मी आयुष्यात कधी चारचौघांत गायलो नाही. मला सूर कळत नाही आणि इंग्रजी वाचताना मी बोट ठेवून वाचतो. एकच चाल मला येते. गोणपाटावरून घेतलेल्या त्या पुस्तिकेतल्या पहिल्या गाण्याची. डबा मांडीवर घेतला, बोट ठेवलं आणि टेडचं गाणं त्या चालीत कोंबलं. जोरात म्हटलं. डबा वाजवला. जिथं 'जी जी' यायला पाहिजे तिथं घातलं. आवाज फाटला, तरी थांबलो नाही, कारण तीही कधी थांबत नसे.

स्टॅननं सवयीनं कवळीवर हात धरून ठेवला होता. तो हसला नाही. कोणीच हसलं नाही. मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं, आणि डोरीनचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं, लहान पोरीचं होतं तसं. त्या तोंडाकडे बघून चाल बसायची नाही, असं द्रुपदा म्हणाली होती.

मी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. मग गाणं डोरीनच्या मांडीवर ठेवलं, लुगड्याची घडी केली, डबा काखेत घेतला. चहाला थांबलो नाही. ट्रॅम धरली आणि घरी आलो.

रडायला घर आहे.