टाकीभर पाण्याचा डाव

नातीचं बारसं उद्यावर आलेलं, उदगीरहून व्याह्यांकडची जीप भरून माणसं निघणार, आणि गुरुपादप्पांच्या घरात पाणी उरलं होतं एक घागर. नेमकी तीच घागर उचलून ते दाराबाहेर पडले.

"अवो, शेवटची हाय ती!" जगदेवी ओरडली.

"डोळ्याला मारायला लागंल. झोप आली तर सगळंच गेलं. संध्याकाळी टाकीभर पाणी आणतो की!"

लातूर जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांवर ताज्या पाट्या लागल्या होत्या. पण निलंग्याकडच्या या गावातल्या नळांना त्याची खबर नव्हती. पाणी होतं ते फक्त श्रीमंतरावांच्या मळ्यातल्या विहिरीला. ते पाणी विकत नसत आणि फुकटही देत नसत. "दिवसभर रमी खेळा. मला हरवलं की टाकीभर पाणी तुमचं," हा त्यांचा कायदा. सकाळी बसलेला गडी ऊन चढलं की पेंगायला लागे, भलतं पान टाके आणि तोंड पाडून घरी जाई. श्रीमंतराव मात्र पापणीही पडू देत नसत.

गुरुपादप्पा तर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर डुलक्या घेणारे. पण व्याही तहानलेले परतले तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, या धास्तीनं त्यांनी जय्यत तयारी केली होती. भाकरी वर्ज्य, खिशात फुटाणे आणि हिरव्या मिरच्या. पहिल्या डुलकीला मिरची चावली, तर डोळ्यांना अशा धारा लागल्या की बदामची राणी चौकटची दिसली. मग डोळ्यांवर पाणी मारलं. मग टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला. मग पायांवर पाणी घेतलं.

"अप्पा, खेळायलात का आंघोळ करायलात?" श्रीमंतरावांनी विचारलं.

"तुमी पान टाका!"

दिवस कलला तरी दोघांनी जिंकलेले डाव सारखेच. शेवटच्या डावात गुरुपादप्पांना हवी होती फक्त इस्पिकची सत्ती, आणि तेवढ्यात झोपेनं त्यांना गाठलं. त्यांनी पत्ते मांडीखाली दाबले, एका हातानं घागर डोक्यावर उपडी केली, दुसऱ्या हातानं पान ओढलं आणि निथळत्या डोळ्यांनी ते तसंच टाकून दिलं. ती इस्पिकची सत्तीच होती. श्रीमंतरावांनी ती अलगद उचलली आणि आपले पत्ते पसरले.

रिकामी घागर घेऊन गुरुपादप्पा घरी निघाले. बिचाऱ्यांना रडूच यायचं बाकी होतं. दारात आले आणि थबकले. अंगणात हंडे, कळश्या, काहील, पाळण्याखालची बादलीसुद्धा काठोकाठ भरलेली. शेजाऱ्यांच्या दारातही तेच.

"हरलो गं," ते कसेबसे म्हणाले. "अन् घागरबी संपवली."

"हरला तर हरला! श्रीमंतरावांच्या बायकोनं, साखराबाईनं, सगळ्या गल्लीला मागल्या बांधानं विहिरीवर बोलावलं. म्हनली, आमचे मालक डावाला बसले की घर पेटलं तरी मान वर करत न्हाईत. पर आजवर कुणी दुपारपतोर बी टिकत नव्हतं, दोन बाया भरस्तोवर डाव मोडायचा. तुमी दिस मावळेस्तोवर बसवलं की त्यांना!"

गुरुपादप्पा मटकन ओट्यावर बसले. जगदेवीनं त्यांच्या हातातली घागर घेतली आणि हंड्यात बुडवून भरली.

"बारसं झालं की परत जावा," ती हळूच म्हणाली. "पर जिंकू नगा बगा. जिंकलात तर एकच टाकी मिळंल."

गुरुपादप्पांनी खिशातल्या उरलेल्या मिरच्या काढून कोनाड्यात जपून ठेवल्या.