याच्यात कोन हाये?

कॅमेरा दुरुस्तीला नेला तर कोणीही विचारेल, काय बिघडलंय? आरमोरीचे सोमाजीभाऊ विचारतात, "याच्यात कोन हाये?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, रोलबद्दल विचारत असतील. "रोल हाये, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रोल हाये थे मले बी समजते. कोन हाये थे सांग."

"आई," मी म्हटलं.

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी, तान्हं मूल घेतात तसा घेतला. टेबलावर ठेवला आणि हलक्या आवाजात त्याला म्हणाले, "बसा, बाई."

कॅमेरा माझ्या मामाचा. मी वर्षाची असताना त्याने आईचे फोटो काढले, तेव्हाच बटण अडकलं आणि रोल आत राहिला. काही महिन्यांत आई तापाने गेली. लग्नाचे फोटो वैनगंगेच्या पुरात गेले. त्यामुळे आई दिसायला कशी होती हे मला फक्त ऐकून माहीत आहे. चंद्रपूरला कॉलेजात आले तेव्हा मी कॅमेरा सोबत आणला, पण भरवसा कोणावर ठेवायचा ते कळेना. एका दुकानदाराने मागच्या झाकणाला नख लावलं आणि मी दुकानातच ओरडले. आत उजेड शिरला असता तर सगळंच गेलं असतं. दुसरा म्हणाला, "आता मोबाईल घे ना, पोरी." शेवटी भद्रावतीच्या एका फोटोवाल्याने सोमाजीभाऊंचं नाव सांगितलं. "मानूस पक्का हाये," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "पन एकटी नोको जाऊ."

मी एकटीच गेले.

बाजारामागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर कॅमेरे, आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पाह्यत बसतेत. मंग माह्ये हात थरथरतेत." मधूनच एखाद्या फळीवर आपोआप 'खट्' वाजायचं. मी दचकले की मला सांगायचे, "जुनी स्प्रिंग हाये." आणि लगेच फळीकडे वळून, "गप ना बे! पावनी आली हाये."

कोणी काम लवकर मागितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घाई कोनाले हाये?" या वाक्याची सवय त्यांना जुन्या धंद्यात लागली असावी. तेव्हा ते गावोगाव फोटो काढत, आणि खेड्यांतून बोलावणं यायचं ते बहुतेक माणूस गेल्यावरच. जिवंतपणी फोटो काढायचं कोणाच्या मनातच यायचं नाही. मग प्रेताला आंघोळ घालून, नवा शेला पांघरवून खुर्चीत बसवायचे, घरचे भोवती उभे राहायचे. नंतर सोमाजीभाऊ बारीक ब्रशने फोटोवर उघडे डोळे काढून द्यायचे.

"एकदा बारशाचे फोटो काढून सीधा मयतीत गेलो," ते सांगत होते. "सवयीनं तोंडातून निंगालं, जरा हसा. सारे घरचे बुढ्याकडं पाहाले लागले. मी बी पाह्यलो. तवापासून कोनाले हसा म्हनत नाई. हसला असता तं?"

मी हसले. ते हसले नाहीत, तेव्हा मीही थांबले.

मग त्यांनी एक काळी पिशवी काढली. दोन्ही बाजूंनी हात घालता येतात आणि उजेड आत जात नाही अशी. कॅमेरा आत ठेवून त्यांनी कोपरापर्यंत हात घातले आणि डोळे मिटले. भर दुपार होती, बाहेर बाजार चालू होता. पिशवी आतून हलत होती आणि ते पुटपुटत होते, "सरका जरा, बाई... काऊन रुसल्या एवढ्या?" एकदम पिशवी थांबली.

"आल्या," ते म्हणाले.

मी नकळत मागे वळून दाराकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. रोल त्यांनी स्वतःच धुतला होता. जवळजवळ सगळा काळा पडला होता, एकच फोटो वाचला होता. दारात एक बाई, हातात बांगड्या, कडेवर मी. मी अगदी स्पष्ट. बाईच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता पांढरा फराटा.

"भाऊ, तुमी डोळे काढून देता ना? इथी बी काढून द्या. कसे होते थे बाबाले विचारून सांगते."

त्यांनी ब्रश घेतला, पाण्यात बुडवला. फोटोवर वाकले. मग ब्रश खाली ठेवला.

"नाई."

"काऊन, भाऊ?"

"मी काढलेलेच डोळे ध्यानात राह्यतेत मंग. खरे निंगून जातेत."

ते फोटो दाराच्या उजेडात घेऊन गेले. "इकडं ये. मान पाह्य. खांदा पाह्य. हसून राह्यली हाये. हसता हसता तुह्याकडं मान फिरवली, म्हून चेहरा पुसला." बोट चेहऱ्यावर न टेकवता त्यांनी तो फराटा हवेतच दाखवला. "मयतीतले माह्ये फोटो असे कधी पुसले नाई. हलत कोन होतं?"

मी फोटो घेतला. ज्या जागी काही नाही असं मला वाटलं होतं, तिथेच बघत राहिले.

त्यांच्या बायकोला, काकूंना, जाऊन बरीच वर्षं झाली, हे मी बाजारात ऐकलं होतं. विचारावं की नाही कळेना, तरी विचारलं, "भाऊ, काकूचा फोटो हाये का?"

"हाये ना. मीच काढला." ते ब्रश पुसत होते, तो केव्हाच कोरडा झाला होता तरी. "लय साफ आला."