मार्लिसच्या ट्रेमधली घूं

ओरिन टोलेफ्सनने सात महिने खपून हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो बायकोच्या केकच्या ट्रेमध्ये बसवला. त्यासाठी मागवलेलं धातूचं खोकं वेळेत आलं नव्हतं. ट्रे मात्र मापाला तंतोतंत, वर सरकतं झाकणसुद्धा. मार्लिसला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून त्याने विचारलं नाही. गुपचूप चार भोकं पाडली. चर्चच्या जेवणात भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने ट्रेच्या बाजूला पट्टी चिकटवून आपलं नाव लिहिलं होतं. ते काढायचा त्याला धीर झाला नाही.

घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची ही स्पर्धा चर्चच्याच तळघरात होती. गेली चार वर्षं ड्वेन पहिला आणि ओरिन दुसरा, हे अख्ख्या मिनेसोटातल्या हौशी मंडळींना पाठ झालं होतं. यंदा मात्र ओरिनने घरी आवाजातली विकृती मोजली होती आणि दशांशचिन्हापुढे चार शून्यं आली होती. शून्यं जितकी जास्त तितका आवाज स्वच्छ, आणि ड्वेनची तीनच होती.

परीक्षक बर्निसबाई रेडिओ स्टेशनवर चाळीस वर्षं इंजिनियर होत्या. त्या आधी गाणं न लावताच ऐकायच्या. नुसती घरघर ऐकू आली तरी स्पर्धक बाद.

ओरिनने टेबलावर ट्रे ठेवला, हेडफोन लावला आणि कान दिला. घूंऽऽऽ. ट्रेला हात लावला की शांत, हात काढला की पुन्हा घूं.

"आत मधमाश्या पाळल्यायस का रे?" शेजारच्या टेबलावरून ड्वेनने विचारलं.

ओरिन दोन्ही तळवे ट्रेवर दाबून बसला. बर्निसबाई दोन टेबलं पलीकडे होत्या. तेवढ्यात बाजूच्या स्वयंपाकघरातून मार्लिस आली, एका हातात पिठाचं भांडं, दुसऱ्या हातात स्टीलचं उलथनं.

"माझा ट्रे बघितलास का? लिंबाच्या वड्यांचं पीठ कालवून उभी आहे मी."

ओरिन ट्रेवर आडवा झाला.

"झोपलायस कशावर?" तिने त्याला बाजूला सारलं, झाकण सरकवलं आणि भोकं मोजली. "चार!"

"ओरड नंतर. घूं थांबली नाही तर मी बाद होईन. ही तार ट्रेच्या धातूला जोडलीय, तरी थांबत नाही."

मार्लिसने वाकून पाहिलं. तार ट्रेच्या काळ्या थरावर प्लॅस्टिकच्या स्क्रूने दाबली होती, खालच्या धातूला ती टेकलीच नव्हती.

"थर खरवडलास?"

"छे!"

"का?"

"नॉनस्टिक आहे. तूच म्हणतेस, धातूचा चमचा लावायचा नाही. म्हणून तर प्लॅस्टिकचा स्क्रू घेतला."

"आणि भोकं?"

"भोकं पाडली," ओरिन अभिमानाने म्हणाला, "पण चरा एक पडू दिला नाही."

एकतीस वर्षांची शिकवण अशी फळाला आलेली बघून मार्लिसने पिठाचं भांडं टेबलावर ठेवलं. मग तिने प्लग काढला, स्क्रू सोडवला आणि उलथन्याच्या टोकाने थर खर्रखर्र खरवडला. ओरिनने डोळे मिटून घेतले. तिला मात्र मनापासून मजा येत होती. बऱ्याच वर्षांत तिने असं काही केलं नव्हतं. खाली चकचकीत धातू दिसला, तेव्हा तार त्यावर घट्ट बसवून तिने झाकण लावलं आणि प्लग जोडला.

बर्निसबाईंनी हेडफोन चढवला. "बंद आहे का हे?" त्यांनी दिवा बघितला. चालू होतं. त्यांनी यंत्र लावून मोजलं. चार शून्यं. मग चष्मा नाकावर ओढून त्यांनी ट्रेवरची पट्टी वाचली आणि वहीत लिहिलं: पहिली, मार्लिस टोलेफ्सन.

ओरिनने तोंड उघडलं. मार्लिसने नुसतं चार भोकांकडे बोट केलं. त्याने तोंड मिटलं.

फळ्यावर निकाल लागला. ड्वेन दुसरा. ओरिनचं नाव कुठेच नव्हतं, आणि चार वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

"बायकोने हरवलं की रे तुला," ड्वेन म्हणाला.

"तुलासुद्धा," ओरिन म्हणाला.